भूल उतरल्यानंतर

१९८६ सालच्या पावसाळ्यात आमच्या मामांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. कमरेतील दोन मणक्यांमधली चकती सरकून पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब देत होती, एवढे आम्हांला त्या वयातही समजले होते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, नस मोकळी झाली, पायातली कळ गेली. परंतु त्यानंतरच्या तीन रात्री मामांनी चादरीचा बोळा दातांत धरून काढल्या. उशाशी बसलेल्या मामी रोझरीचे मणी ओढीत पुढच्या इंजेक्शनची वेळ कधी होते याची वाट पाहत असत. "ऑपरेशन म्हटले की दुखायचेच," असे एका परिचारिकेने सांगितले आणि ते आम्हां सर्वांना पटलेही. दुखणे हा शस्त्रक्रियेचाच एक भाग आहे, बिलाच्या कागदासारखा तो सोबत यायचाच, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती.

गेल्या वर्षी थोरल्या मावशीवर जवळजवळ तशीच शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी आम्ही भेटावयास गेलो तेव्हा तिने चहा मागितला. दुसऱ्या दिवशी ती आधार घेऊन न्हाणीघरापर्यंत चालत गेली. भूलतज्ज्ञ डॉक्टर बोलके होते. आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले की टाके घालण्यापूर्वी जखमेच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंत बधिर करणारे औषध सोडले होते. मावशी पूर्ण भुलेखाली असताना हे आणखी औषध कशासाठी, असे आम्ही विचारले. त्यांनी उत्तर दिले, "पहिली भूल आमच्या कामासाठी. दुसरी त्यांच्यासाठी." या एका वाक्यामुळे आम्ही या विषयाची पुस्तके चाळू लागलो आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या इतिहासाची सुरुवात पेरू देशात होते. तेथील डोंगराळ मुलखातले लोक कोका नावाच्या झुडपाची पाने चघळीत असत. त्याने थकवा व भूक जाणवत नसे. बर्नाबे कोबो हे येशूसंघीय धर्मगुरू त्या प्रदेशात अनेक वर्षे राहिले. ही पाने चघळल्याने दातदुखी कमी होते, असे त्यांनी १६५३ साली लिहून ठेवले. एका मिशनऱ्याने सहज केलेली ही नोंद, पण ती उचलून धरण्यास युरोपला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. १८६० साली जर्मनीतील गटिंगन येथे आल्बर्ट नीमन या तरुण रसायनशास्त्रज्ञाने त्या पानांतून कोकेन हा द्रव्यांश वेगळा काढला. तो जिभेवर ठेवला असता जीभ बधिर होते, हेही त्याने नोंदवले. तरीदेखील आणखी चोवीस वर्षे शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग रूढ झाला नाही. मधल्या काळात लोकांनी कोकेन दारूत घालून शक्तिवर्धक पेय म्हणून विकले. अशा एका दारूच्या कर्त्याला पोप लिओ तेरावे यांनी सुवर्णपदक दिले होते, हे वाचून आम्ही क्षणभर थबकलो. त्या काळी या पदार्थाच्या व्यसनाचे रूप सर्वांना पुरते ठाऊक नव्हते, एवढेच म्हणता येईल.

१८८४ साली व्हिएन्नातील रुग्णालयात कार्ल कोलर नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर काम करीत होता. डोळ्याची शस्त्रक्रिया रोगी जागा असतानाच करावी लागे आणि रोगी वेदनेने डोळा हलवी, ही त्याची अडचण होती. त्याचा सहकारी सिग्मंड फ्रॉइड (पुढे मनोविश्लेषणाचा जनक म्हणून गाजलेला तोच) त्या वेळी कोकेनचा अभ्यास करीत होता. परंतु त्याचे लक्ष मनावर होणाऱ्या परिणामाकडे होते. जीभ बधिर होते तर डोळाही होईल, हा विचार कोलरला सुचला. त्याने बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकून पाहिले, नंतर स्वतःच्या. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला, तोही दुसऱ्याकडून. कारण कोलरपाशी प्रवासाचे पैसे नव्हते. काही महिन्यांतच ही वार्ता जगभर पोहोचली. कोलरला मात्र व्हिएन्नात मनाजोगी जागा मिळाली नाही आणि पुढे तो न्यूयॉर्कला जाऊन स्थायिक झाला.

आपल्या विषयाचा खरा धागा येथून पुढे १८९८ सालच्या ऑगस्ट महिन्यात, जर्मनीतील कील या बंदरगावी सापडतो. आउगुस्ट बीअर या शल्यवैद्याने १६ ऑगस्टला एका मजुराच्या कण्यात, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, कोकेनचे अल्प प्रमाण सोडले आणि त्याच्या क्षयाने सडलेल्या घोट्यावर वेदनेवाचून शस्त्रक्रिया केली. आणखी काही रोग्यांवर असे केल्यानंतर त्यांना डोकेदुखी व ओकाऱ्या होतात हे त्याच्या ध्यानात आले. हे का होते, हे जाणण्यासाठी २४ ऑगस्टला त्याने स्वतःच्याच कण्यात सुई टोचवून घेतली. सहायक हिल्डेब्रांट याच्या हातातील पिचकारी सुईला नीट बसली नाही आणि बीअरच्या कण्यातले बरेचसे पाणी वाहून गेले. मग हिल्डेब्रांटने आपली पाठ पुढे केली. औषध लागू पडले. बीअरने त्याच्या पायाला चिमटे काढले, जळती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला; हिल्डेब्रांटला काही जाणवले नाही. पाऊण तासाने संवेदना परतली. रात्री दोघांनी दारूचे पेले व सिगार यांनी प्रयोग साजरा केला. त्यानंतर बीअर डोकेदुखीने नऊ दिवस अंथरुणावर पडून राहिला आणि हिल्डेब्रांटच्या नडगीवर काळेनिळे डाग उमटले.

हा प्रसंग बहुधा हसून सांगितला जातो. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दिवशी दोघांनी पाऊण तासातली प्रत्येक मिनिटाची नोंद केली. पण बधिरता उतरल्यावर हिल्डेब्रांटच्या नडगीला काय वाटले, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. शल्यवैद्याचा प्रश्न होता, कापताना रोगी ओरडू नये. तो प्रश्न सुटला की काम संपले. पुढची बरीच वर्षे स्थानिक बधिरतेची विद्या वाढली ती याच एका प्रश्नाभोवती. आणि विलक्षण गोष्ट अशी की, ज्या कण्याच्या वाटेने पायाचे, पोटाचे, बाळंतिणीचे दुखणे थांबवता आले, त्या कण्यावरच शस्त्रक्रिया झाली तर मागाहून होणाऱ्या वेदनेवरचा उपाय सर्वांत उशिरा पोहोचलेल्यांपैकी एक ठरला.

औषधे मात्र एकामागून एक येत राहिली. कोकेनचे व्यसन लागते आणि जास्त प्रमाणात ते जीव घेते, हे लवकरच कळून चुकले. अमेरिकेतील थोर शल्यवैद्य विल्यम हाल्स्टेड स्वतःवर प्रयोग करता करता त्याच्या आहारी गेला आणि आयुष्यभर त्याची किंमत मोजत राहिला. बर्लिनच्या कार्ल श्लाइखने १८९२ साली अगदी पातळ द्रावण कातडीत थराथराने भरण्याची रीत मांडली. मावशीच्या पाठीत जे भरले गेले त्याची पणजी ही रीत होय. हाइनरिख ब्राउनने १९०३ साली औषधात ॲड्रिनॅलिन मिसळले, त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून औषध जागच्या जागी अधिक वेळ टिकू लागले. आल्फ्रेड आइनहॉर्नचे नोव्होकेन १९०५ पासून वापरात आले. त्याचे व्यसन लागत नसे. १९४३ साली स्टॉकहोम येथे नील्स लोफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन तयार केले; लुंडक्विस्टने ते स्वतःच्या अंगात टोचून पाहिले होते. दात काढताना आपल्या हिरडीत जे इंजेक्शन देतात ते बहुधा हेच. १९५७ साली स्वीडनमध्येच बो आफ एकेन्स्टाम व त्याच्या सहकाऱ्यांनी बुपिव्हॅकेन बनवले. त्याचा परिणाम दोन-तीन तासांवर न थांबता सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक टिकतो. शस्त्रक्रिया संपल्यानंतरही बधिर ठेवू शकेल असे औषध आता हाताशी आले होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा विचार त्याआधी कोणी केलाच नव्हता असे नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँडचा शल्यवैद्य जॉर्ज क्राइल याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास असे मत मांडले होते की, रोगी बेशुद्ध असला तरी सुरीचा आघात नसांतून मेंदूपर्यंत पोहोचतोच. म्हणून पूर्ण भूल देऊनही कापण्याची जागा वेगळी बधिर करावी. तो जखमेच्या कडांत क्विनीन व युरिया यांचे मिश्रण टोचून कित्येक तास, कधी दिवस, बधिरता टिकवीत असे. त्या मिश्रणाने मांसाला सूज येऊन कडकपणा येई, म्हणून ही रीत मागे पडली. दुर्दैवाने तिच्याबरोबर विचारही मागे पडला.

तो परत आला तो सत्तर वर्षांनी. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी वेदना ही सरळ तारेतून जाणारी घंटा नव्हे, तिच्या वाटेवर मज्जारज्जूत एक दार आहे आणि ते कमीअधिक उघडते, असा सिद्धान्त मांडला. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली दाखवून दिले की एकदा जबर आघात पोहोचला की मज्जारज्जूतील पेशी स्वतःच हळव्या होतात आणि नंतर साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून ओळखू लागतात. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे रोखावे, या विषयावर वॉल यांनी १९८८ साली लिहिलेल्या संपादकीयाने भूलतज्ज्ञांत चर्चेला उधाण आले. औषध कापण्यापूर्वी दिले तर वेदना उमटणारच नाही, अशी मोठी आशा निर्माण झाली. ती आशा पुढील परीक्षांत फारशी खरी उतरली नाही; औषध आधी दिले की शेवटी, याने बहुधा मोठा फरक पडत नाही असे दिसून आले. पण या निमित्ताने रोगी वेदना किती सांगतो हे मोजू लागले, लिहू लागले. आणि जे मोजले जाते त्याकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते.

येथे आपल्या घरांतील एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. आपल्याकडची जुनी माणसे दुखणे बोलून दाखवीत नाहीत. ख्रिस्ताने क्रुसावर सोसले, आपण एवढे सोसू नये काय, असे म्हणून ती तोंड मिटून घेतात. मामाही तेच म्हणत होते. ही श्रद्धा आम्ही कमी लेखीत नाही. परंतु नेमका हाच प्रश्न इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने पोप पायस बारावे यांना विचारला होता: श्रद्धावंताने वेदनाशामक नाकारून दुखणे सोसलेच पाहिजे असे बंधन आहे काय? २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोपमहोदयांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, असे सर्वसाधारण बंधन नाही. कोणी स्वेच्छेने सोसले तर त्यास मोल आहे, पण वैद्यकाच्या साहाय्याने वेदना टाळण्यास ख्रिस्ती माणसाला मोकळीक आहे. ज्या वर्षी हे उत्तर दिले गेले त्याच वर्षी बुपिव्हॅकेन तयार झाले, हा योगायोगच म्हणावयाचा.

मग औषध होते, शास्त्र आले, धर्माची आडकाठी नव्हती. तरी कण्याच्या रोग्यांना ते उशिरा का मिळाले? आम्ही हाच प्रश्न त्या भूलतज्ज्ञांना विचारला. त्यांचे उत्तर आम्हांला या साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटते.

कण्याची शस्त्रक्रिया ही अतिशय दुखरी असते. जर्मनीत १७९ प्रकारच्या शस्त्रक्रियांनंतरच्या पहिल्या दिवसाच्या वेदनेची तुलना पन्नास हजारांहून अधिक रोग्यांत करण्यात आली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत मणके एकत्र जोडण्याच्या शस्त्रक्रिया अगदी वरच्या क्रमांकांत होत्या. कारण उघड आहे. मणक्यापर्यंत पोहोचण्यासाठी पाठीचे जाड स्नायू हाडांपासून सोडवून बाजूला ताणून धरावे लागतात, आणि आपण कुशीवर वळलो, खोकलो, उठून बसलो तरी तेच स्नायू कामास लागतात. शिवाय असे रोगी बहुधा महिनोन्महिने दुखणे घेऊन आलेले असतात. त्यांच्या नसा आधीच हळव्या झालेल्या असतात. दुखते म्हणून रोगी खोल श्वास घेत नाही, हलत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय राहते. मॉर्फिन दिले तर मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी, आणि जास्त झाले तर श्वास मंदावतो. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन मिळणेच रुग्णालयांना जिकिरीचे झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. मामांच्या वाट्याला आलेल्या वेदनेच्या रात्रींत या परिस्थितीचाही वाटा असू शकेल.

इतर शस्त्रक्रियांत या सगळ्यावर एक उपाय होता, तो म्हणजे कण्यातच बारीक नळी ठेवून बधिर करणारे औषध सोडीत राहणे. पण कण्याच्या रोग्याला शुद्धीवर आल्याबरोबर शल्यवैद्य पहिली गोष्ट कोणती विचारतो? "पायाचा अंगठा हलवा." अंगठा हलला की त्याचा जीव भांड्यात पडतो. आत रक्त साठून मज्जारज्जूवर दाब येत असेल तर पाय हळूहळू लुळे पडतात, आणि ते वेळीच ओळखले तरच वाचवता येतात. औषधानेच पाय बधिर केले असतील तर ही धोक्याची घंटा वाजली तरी ऐकू कशी येणार? या भयाने शल्यवैद्य नको म्हणत, आणि ते भय खोटे नव्हते. रोग्याचे पाय वाचावेत म्हणून त्याची वेदना तशीच ठेवली जात होती. मामांच्या डॉक्टरांवर राग धरून बसलेल्या आम्हांला हे ऐकल्यावर जरा खाली पाहावे लागले.

वाट निघाली ती शरीररचनेतून. मज्जारज्जूतून निघणारी प्रत्येक नस बाहेर येताच दोन फांद्यांत विभागते. पुढची मोठी फांदी हातापायांकडे व पोटाकडे जाते, मागची बारीक फांदी पाठीच्या स्नायूंना व कातडीला मिळते. मागच्या फांदीपुरतेच औषध पोहोचवले तर पाठ बधिर होते आणि अंगठा हलत राहतो. साधी रीत म्हणजे टाके घालताना स्नायूंत औषध भरणे. ही फारशी अवघड नाही, तिला खर्चही फार येत नाही. तिने पहिल्या काही तासांचे, कधी दिवसभराचे दुखणे व मॉर्फिनची गरज कमी होते असे पुष्कळ अभ्यासांत आढळले, सर्वच अभ्यासांत नव्हे. त्यापुढची पायरी म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्रावर पाहत, शस्त्रक्रियेपूर्वीच, स्नायूंच्या थरांमधल्या पोकळीत सुई नेणे. अशी एक रीत २०१५ साली प्रसिद्ध झाली. दुसरी, पाठ ताठ ठेवणाऱ्या लांब स्नायूखाली मणक्याच्या आडव्या हाडापाशी औषध सोडण्याची, २०१६ साली छातीतील नसांच्या दुखण्यासाठी सांगितली गेली आणि लवकरच कण्याच्या शस्त्रक्रियांतही वापरली जाऊ लागली.

औषधालाही मर्यादा आहेत. बुपिव्हॅकेन चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा फार झाले तर हृदय बंद पडू शकते. १९७९ साली जॉर्ज ऑलब्राइट यांनी अशा घटनांकडे लक्ष वेधल्यावर डॉक्टर सावध झाले. १९९८ साली गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवले की शिरेतून देण्याचे स्निग्ध द्रावण या विषबाधेवर उतारा ठरते, आणि २००६ साली त्याने माणसाचा जीव वाचल्याचे पहिले वृत्त आले. माप काटेकोर लागते. शरीराच्या दर किलोमागे साधारण दोन मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर पन्नास किलो वजनाच्या मावशीला पाव टक्क्याच्या द्रावणाचे चाळीस मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. आमच्या बोलक्या डॉक्टरांनी हा हिशेब आम्हांला हातावर करून दाखवला.

औषध रात्री उतरेल, असे त्यांनी मावशीला आधीच सांगून ठेवले होते. ते अडीच वाजता उतरले. मावशीने थोडा वेळ सोसले, मग घंटा वाजवली. सिस्टर गोळी घेऊन आली. हे सारे तिने दुसऱ्या दिवशी मामांना सांगितले. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, "हे औषध निघाले कधी?"

"१९५७ साली," आम्ही म्हणालो.

मामांनी बोटांवर काहीतरी मोजले. "म्हणजे माझ्या आधी एकोणतीस वर्षे," ते म्हणाले, आणि मावशीच्या उशाखालचा तक्क्या नीट करून देऊ लागले.